हँडलचा मान

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. आता गोष्ट. पण गोष्टीआधी एक प्रश्न टाकतो. आपण सगळे म्हणतो, देव आमच्या बरोबर आहे. बरं! पण निघण्याआधी तो खरंच बरोबर आहे का, हे विचारायचं काम कुणाचं? पुजाऱ्याचं? अध्यक्षांचं? की सगळ्यांच्या पुढं जो सगळ्यात खाली वाकलेला असतो, त्याचं?

ऐका तर.

खडकगव्हाण नावाचं गाव. तिथं भैरोबाचं ठाणं. आणि या भैरोबाचं वाहन काय? घोडा म्हणाल. नाही – मोटार! हसा, हसा. जुने जहागीरदार गाव सोडून निघाले, तेव्हा आपली उघड्या टपाची विलायती मोटार त्यांनी देवाच्या दारात लावली आणि गेले. तेव्हापासून चैत्राच्या यात्रेला देव मोटारीतून गावाला फेरी घाली. वर्षातून एक दिवस, बायाबापड्यांच्या पावलानं. गाव तिला 'म्हातारी' म्हणे.

म्हातारीला बटण नव्हतं. पुढं रेडिएटरच्या खाली एक भोक, त्यात लोखंडी हँडल घालायचं, कंबरेत वाकायचं आणि झटका द्यायचा. तो मान मुलाण्याच्या घराकडं. आधी बाबालाल मुलाणी, मग त्याचा मुलगा रसूल. नारळ आणि फेटा, दरवर्षी. वेशीपाशी रसूलचं गॅरेज होतं. बापानं त्याला एकच धडा दिलेला – 'अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. इंजिन उलटं फिरलं तर मनगट घेऊन जातं.' बाबालालचं मनगट वाकडंच होतं. ते पुढं करूनच त्यानं शिकवलं.

आता नीट ऐका, गोष्टीची मेख इथं आहे. हँडलवर वाकलेल्या माणसाला काय दिसतं? रेडिएटर! मागची गादी त्याला दिसत नाही. देवळातून मुखवटा आणला का, गादीवर ठेवला का, त्याला कळावं कसं? म्हणून तो खालूनच हाक देई – 'देव बसला का?' आणि गादीजवळून तातोबा गुरव सांगे – 'बसला!' मग झटका. धडधड, धडधड. मग बँड, मग गुलाल.

कामाची सोय होती हो, दुसरं काही नाही. पण चाळीस-पन्नास वर्षं एकच हाक कानावर पडली की ती नुसती हाक राहत नाही. बायांनी ती ओवीत नेली –

गाडीच्या म्होरं वाके, हँडलवाला मुलाणी,
इचारून मग निघे, माझा भैरोबा गं धनी.

चार ओळीही नाहीत, पण बघा, पुजारी नाही त्या ओवीत, अध्यक्ष नाही. वाकलेला माणूस आहे.

एका साली म्हातारीच्या इंजिनाला तडा गेला. रसूलनं दोनदा सांधला, दोनदा सुटला. देवस्थानचे अध्यक्ष हिंदुराव गॅरेजवर आले. रसूलच्या शाळेतल्या बाकावरचेच ते.

'रसूल, म्हातारी गेली म्हणायची का?'

'इंजिन गेलंय. म्हातारी आहे.'

'आपला विक्रांतशेठ पुण्यात बिल्डर झालाय, माहीत आहे ना. नव्या गाडीचं इंजिन देतो म्हणतोय देवाला. गिअरबॉक्ससकट. क्लच नाही, काही नाही, आपोआप गिअर पडतात. बसवशील?'

रसूल हात पुसत राहिला. 'बसवीन की. पण मग हँडलचं?'

'बघू की रे ते.'

'बघू'! मंडळी, काय गोड शब्द आहे. नाही म्हणायची लाज वाटली की आपण 'बघू' म्हणतो. घरात बापाला म्हणतो, दारात पाहुण्याला म्हणतो.

तीन महिने रसूल त्या गाडीखाली आडवा होता. चिंचेला साखळी बांधून जुनं इंजिन बाहेर काढलं, तेव्हा बायकोला म्हणाला, 'आईला दवाखान्यात उचलून न्यावं तसं वाटलं बघ.' नवं इंजिन बुटकं, नवा गिअरबॉक्स लांब. बसायचं कसं? इंजिन टेकवायला चासीवर नवी माउंटिंगं जोडली. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकाला फिरवणारा दांडा कापून आखूड केला, पुन्हा जोडला, थरथरू नये म्हणून चार वेळा काढला, चार वेळा घातला. वायरिंगचं तर जाळंच. जुन्या बॉनेटला मात्र ओरखडा नाही. बाहेरून तीच म्हातारी!

आणि मग हिंदुराव पुन्हा आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. 'झकास. फक्त ते पुढचं भोक बुजव. उगाच दिसतंय.'

'राहू दे की. खात नाही का पीत नाही.'

'बुजव रे.'

बुजवलं. आपल्याच हातानं पत्रा लावला, घासला, रंग मारला. इतकं साफ, की बाबालाल कबरीतून उठून आला असता तरी त्याला जागा सापडली नसती. इंजिन बदललं तर सरकारला कळवावं लागतं, मंडळी. नवा नंबर कागदावर चढवून घ्यावा लागतो. तेही झालं. रसूलला बदललं, ते कुणी कुणाला कळवलं? रसूललासुद्धा नाही.

यात्रेचा दिवस उजाडला. सकाळी नऊची वेळ. रसूल आला – इस्त्रीचा सदरा, कानात अत्तराचा फाया, आणि काखेत फडक्यात गुंडाळलेलं जुनं हँडल. लागणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पण मानाला रिकाम्या हातानं जायचं कसं?

'हिंदुराव, मी उभा कुठं राहू?'

'कुठंही राहा की. गाव तुझंच आहे.'

'नाही, म्हणजे मान...'

हिंदुराव हसले. खांद्यावर हात ठेवला. 'अरे, हँडलच नाही आता. बटण आहे. बटणाला कसला मान?'

रसूलला पटलं हो. खरंच पटलं. बटणाला कसला मान! तो देवळाच्या पायऱ्यांशी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला – 'बटण दाबण्याचा मान यंदापासून श्रीमान विक्रांतशेठ यांना देण्यात येत आहे.'

का थांबलात? मघाशी मोटारीला हसत होतात ना? आता हसा की!

हिंदुराव वाईट नव्हते. चार जण आधी दोन-तीन वर्षं त्यांच्या कानाशी लागले होते – 'देवाच्या म्होरं दरवर्षी मुलाणीच का?' हिंदुरावांना त्यांच्याशी भांडायचं नव्हतं, आणि मित्राला तोंडावर काढून टाकायचंही नव्हतं. इंजिनानं सोय केली. कुणालाच काही बोलावं लागलं नाही.

तर विक्रांतशेठ गाडीत बसले. कुठं? गादीशेजारी, गुरवाच्या जागेवर. गादीवर झेंडूची रास एवढी, की मुखवटा त्यात कुठल्याच वर्षी दिसत नसे. फोटोवाले पुढं आले. 'शेठ, इकडं बघा!' शेठनी वाकून बटण दाबलं. आवाज? आवाजच नाही. मांजर घुरघुरावं तेवढा. टाळ्या झाल्या, बँड फुटला, गुलाल उडाला. ड्रायव्हरनं ब्रेकवरचा पाय जरा उचलला, आणि या नव्या गाड्या पाय उचलला की आपल्या आपण सरकतात! म्हातारी निघाली. गाव तिच्या मागं निघालं.

आणि देवळाच्या उंबऱ्यात तातोबा गुरव. ऐंशीच्या घरातला माणूस. दोन्ही हातांत भैरोबाचा मुखवटा.

'अरे थांबा... थांबा रे.' बँडपुढं कुणाला ऐकू जाणार? गाडी कोपऱ्यावर वळली. पायऱ्यांशी रसूल एकटा.

'रसूल, देव राहिला रे.'

रसूलनं हळूच म्हटलं, 'काका, यंदा कुणी विचारलंच नाही.'

तो धावला. दोन पावलं धावला. आणि थांबला. का थांबला? त्याला डोळ्यांपुढं दिसलं – मुलाणी मिरवणुकीला आडवा जातोय, म्हणतोय गाडी थांबवा, देव आत नाही. काय म्हणेल गाव? मान गेला म्हणून मोडता घालायला आला! देवाचं नाव पुढं करतो! उभा जन्म ज्यानं हाक दिली, त्यानं त्या दिवशी हाक दिली नाही.

तुम्ही वाट बघताय, गाडी बंद पडेल. धूर निघेल, चाक रुतेल, गाव रसूलच्या पाया पडायला येईल. नाही पडली बंद! रसूलचं काम होतं ते. लोण्यासारखी फिरली. दारोदारी थांबली. बायांनी पायावर पाणी घातलं, ओवाळलं, लेकरं टेकवली. कुणाच्या पायाशी? सीटच्या! झेंडूच्या फुलांच्या! आणि एकालाही कळलं नाही.

ते दोघं तोवर पायरीवर बसून. मुखवटा तातोबाच्या मांडीवर, हँडल रसूलच्या. तातोबा म्हणाला, 'गाडी आली की सांगतो सगळ्यांना.'

'नका सांगू काका. बायांनी मनापासून ओवाळलंय. त्यांचं ओवाळणं खोटं पाडू नका.'

गाडी परत यायच्या आत तातोबानं मुखवटा गाभाऱ्यात ठेवला. रसूल हँडल घेऊन घरी गेला. पुढच्या यात्रेला गॅरेजला कुलूप होतं, रसूल लेकीच्या गावी निघून गेला होता. तातोबा थकला, अंथरुणाला खिळला, तेव्हा त्यानं ही गोष्ट मला सांगितली. म्हणाला, 'बुवा, त्यानंतर प्रत्येक साली मीच मुखवटा नीट ठेवायचो. पण ठेवताना वाटायचं, विचारलंय कुणी? न विचारता ठेवलेला देव बसतो का हो?'

तो प्रश्न मी इथवर घेऊन आलो.

खडकगव्हाण लांब आहे, मंडळी. इथून दिसत नाही. पण या मांडवाला नवा कर्णा आहे, नवी रोषणाई आहे. मागच्या साली इथं समया लावणारी म्हातारी माणसं होती. ती आज कुठं आहेत? कुणी काढलं नाही त्यांना, मला ठाऊक आहे. फक्त दिव्यांना बटण आलं.

आपलं सगळं चालू आहे. बँड आहे, गुलाल आहे, फोटो झाले. तर एकदा मी खाली वाकतो, आणि रसूलच्या वतीनं तुम्हाला विचारतो –

देव बसला का?

मृदंगवाले, थांबा जरा. आधी उत्तर येऊ द्या.