एक मे ते पंधरा जून

प्रतीक: कॅलेंडरवर इतक्या जोरात रेघ नको मारू, फाटेल ते.

कांचन: फाटू दे. एक मे ते पंधरा जून पाळणाघर बंद! विमलताईंची चिठ्ठी शमिकाच्या डब्याच्या पिशवीत निघाली, उरलेल्या पराठ्याला चिकटलेली. दीड महिना, प्रतीक! चार वर्षांची पोर मी काय ऑफिसातल्या फायलींच्या कपाटात ठेवू?

प्रतीक: अगं, टेन्शन नको घेऊ यार. तुझी ती सीसीएल आहे ना, मुलं सांभाळायची स्पेशल छुट्टी? सरकार देतं, तर घ्यायची.

कांचन: बारा मेपासून माझं खात्याचं ट्रेनिंग आहे. सहा आठवडे.

प्रतीक: ते या वर्षी आहे होय?

कांचन: दर वर्षी असतं. ऑर्डर परवा तुझ्याच हातात दिली, तू तिच्यावर चहाचा कप ठेवलास. गेल्या वर्षी तुझ्या बहिणीच्या, गौरीताईंच्या बाळंतपणासाठी मी नाव मागे घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी आईंचा गुडघा. रजा मुलीच्या नावाची, आणि निस्तरली तुझ्या घरातली दुखणी. आता तिसऱ्यांदा मागे घेतलं, तर प्रमोशनच्या यादीतूनच उडणार. माझ्यामागून नोकरीला लागलेल्या अक्षयला फायलीवरची नोटशीट लिहायला मी शिकवलं. आज त्याच्या टेबलापुढे उभी राहून मी त्याची सही मागते.

प्रतीक: मग आईला बोलावून घेऊ ना नागपूरहून.

कांचन: आई पुण्याला चालल्यात गौरीताईंकडे, जूनअखेरपर्यंत. तिकीट तूच काढलंस.

प्रतीक: अरे हां. मग खालच्या भाभी?

कांचन: त्यांच्याकडे तीन नातवंडं येतात सुट्टीची. चौथं त्या बाईच्या अंगावर कुठल्या तोंडाने टाकायचं?

प्रतीक: खरं सांगू? गलती त्या विमलताईची आहे. होळीला बंद, रंगपंचमीला बंद, दिवाळीला आठ दिवस बंद. पाळणाघर चालवायचं आणि छुट्ट्या शाळेसारख्या पाहिजेत. अख्ख्या इंद्रपुरी कॉलनीत अशी बाई नसेल.

कांचन: तेच विचारते आता. स्पीकरवर टाकते, तूही ऐक... हॅलो, विमलताई? शमिकाची आई बोलतेय.

विमलताई: बोल ना कांचन. रविवारची कशी काय आठवण केली?

कांचन: ताई, तुमची चिठ्ठी वाचली. स्पष्टच बोलते, किळस आली मला. नोकरी करणाऱ्या बायांच्या जिवावर पाळणाघर चालवायचं आणि ऐन उन्हाळ्यात दार लावून घ्यायचं? आम्ही पोरं घेऊन जायचं कुठे?

विमलताई: थांब बाई, थांब. माह्यावर काऊन चिडून राहिली? मी तर सगळ्यायले विचारलं होतं.

कांचन: मला नाही विचारलं.

विमलताई: ग्रुपवर विचारलं ना. उन्हाळ्यात चालू ठेवू का, हो की नाही. अकरा पोरं आहेत. सहा घरचे हो म्हणाले असते, तर मी हलली नसती इथून. दोघंच म्हणाले. मग मी बहिणीकडे अमरावतीचं तिकीट काढलं. बारा महिने दुसऱ्याची पोरं झोपवते मी, मलाही वाटते ना दुपारचं आडवं व्हावं.

कांचन: कुठला ग्रुप, ताई?

विमलताई: पाळणाघराचा. तुम्ही फॉर्मवर पालकाचा म्हणून जो नंबर लिहिता, तो त्यात जाते. तुह्या घरून प्रतीकभाऊंचा आहे.

प्रतीक: ताई, मी करतो तुम्हाला थोड्या वेळाने, आत्ता जरा...

कांचन: फोनला हात लावू नकोस. ताई, यानं काय उत्तर दिलं?

विमलताई: जाऊ दे ना आता. झालं ते झालं.

कांचन: वाचून दाखवा.

विमलताई: सगळ्यात पहिलं 'नाही' त्यायचंच. खाली लिहिलं, 'मम्मी लोग हैं ना, टेंशन काहे का.' अन् एक हसरं तोंड. मग बाकीच्या पप्पा लोकायनं बी हसरी तोंडं टाकली आणि पटापट 'नाही' दाबलं. 'हो' आले ते दोघी बायांचे. एक एकटीच असते, अन् दुसरीचा नवरा बाहेरगावी आहे. मले वाटलं, तुम्ही घरी बोलूनच ठरवलं असन.

कांचन: नाही बोललो, ताई. मी उगाच तुमच्यावर तोंडसुख घेतलं. चुकलं माझं. जा अमरावतीला, खुशाल झोपा. ठेवते.

प्रतीक: मजाक होता यार तो.

कांचन: हो का?

प्रतीक: मला काय माहीत, सगळे माझ्या मागोमाग दाबत जातील म्हणून?

कांचन: ताप आला, शी झाली, पडली, तर माझा नंबर. मत द्यायचं असलं की तुझा.

प्रतीक: फॉर्ममध्ये पहिली जागा वडिलांची असते, त्यात माझी काय...

कांचन: नऊ बाप, प्रतीक. नऊ! त्यांच्या बायका आत्ता हीच चिठ्ठी हातात धरून विमलताईंना शिव्या घालत असतील, जशा मी घातल्या. आणि शेजारी बसून नवरे म्हणत असतील, हो ना, काय बाई आहे! तूही म्हणालास. दोन मिनिटांपूर्वी, याच खुर्चीत बसून. शिसारी येते मला. बोट तुझं, आणि चुकली ती बाई!

प्रतीक: बरं, सॉरी. मनापासून सॉरी. पण आता करायचं काय?

कांचन: हे घे पेन. एक ते अकरा मे, माझं नाव. बारा मे ते पंधरा जून, तुझं लिही.

प्रतीक: पागल झालीस? पाच आठवडे? मे महिन्यात कारखान्यात आमच्या शॉपमध्ये मोठी मशीन उघडून ठेवतात, दुरुस्तीला. साहेबांना काय सांगू, मुलगी सांभाळायची आहे? लोक हसतील.

कांचन: हसू देत. हसरं तोंड चालतं ना तुला?

प्रतीक: तसं नाही गं...

कांचन: तुमच्याच शॉपमधला यशवंत कारखान्याच्या टीमबरोबर कबड्डी खेळायला महिनाभर गेला होता. तेव्हा मशीन रडत बसली का?

प्रतीक: ते वेगळं.

कांचन: काय वेगळं?

प्रतीक: आता कसं सांगू...

कांचन: सांग ना. मी ऐकतेय.

प्रतीक: अर्जीत कारण लिहावं लागतं, कांचन.

कांचन: मीही लिहिते. चार वर्षं एकच कारण लिहितेय, मुलीची देखभाल. त्यातलं निम्मं खोटं होतं, तुझ्या बहिणीसाठी आणि तुझ्या आईसाठी. तू पहिल्यांदाच लिहिशील, तेही खरं.

प्रतीक: आणि नाही दिली छुट्टी, तर?

कांचन: तर ग्रुपवर टाक. पप्पा लोग हैं ना.

प्रतीक: (पेनाचं टोपण उघडत) दुपारी ती झोपते कशी गं? म्हणजे... काही लागतं का तिला?

कांचन: पंखा दोनवर. आणि शेजारी कुणीतरी.