रॅम्पचा कोन

हसू नका हं, मला अजून राग येतोय! आमच्या अपार्टमेंटच्या दाराशी सासूबाईंच्या व्हीलचेअरसाठी नवा रॅम्प बांधला. पहिल्याच दिवशी अर्ध्यावर खुर्ची मागे घसरली. मी आणि माझ्या लेकीने, ईराने, कशीबशी धरली.

ईरा दहावीत आहे, नुकतीच ट्रिगनॉमेट्री सुरू झालीय. तिने टेप आणून मापं घेतली. उंची दोन फूट, जमिनीवरची लांबी चार.

"आई, टॅन म्हणजे समोरची बाजू भागिले लगतची. अर्धा आला! म्हणजे जवळजवळ सत्तावीस अंशांचा कोन. व्हीलचेअरला पाचच्या आत हवा."

रॅम्प बांधून घेणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी खाली बोलावलं. निपाणीचे आहेत, इथल्या कानडी शेजाऱ्यांत आमच्याशी मराठीच बोलतात आणि वर इंजिनिअर!

ते ईराला म्हणाले, "अगं, वरच्या टोकाला त्रेसष्टचा कोन आहे, खाली सत्तावीसच. कमीच झाला की! स्वल्प ॲडजस्ट करा, थोडंसं चालवून घ्या."

"काका, आजी खालून चढणार आहे. उतार खालच्याच कोनाने मोजायचा ना?"

"पुस्तकातलं वेगळं असतं, बाळ."

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्ही बसा खुर्चीत, मी ढकलते."

"नको हो वहिनी, पडलो तर?"

सासूबाई कडाडल्या, "आणि मी काय रबराची आहे?"

आता तिथे चोवीस फुटांचा रॅम्प होतोय. आणि हे गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतात, "कोन मीच काढला!"