दुसरा फोटो येईपर्यंत

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या मराठी मंडळाचे नरहरी देशकर साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आज आपण जमलो ते आदरणीय धर्मपाल वासनिक सर, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी कमलाताई, मंडळाचे सर्व सभासद, आणि ज्यांना माझं मराठी नीट कळतं पण जे मला आयुष्यभर हिंदीतच उत्तर देणार आहेत असे माझे सगळे विद्यार्थी, आपणा सर्वांना देवयानी पाठकचा नमस्कार.

मघाशी सूत्रसंचालकांनी मोबाइल बंद ठेवायची विनंती केली. माझा फोन इथे माइकशेजारी चालू ठेवला आहे आणि बोलता बोलता मी त्याच्याकडे बघणार आहे. त्याबद्दल आत्ताच रागावून घ्या, म्हणजे पुढे त्रास नको.

खरं तर हा कार्यक्रम ब्राह्मणपाऱ्यात, मंडळाच्या सभागृहात व्हायचा होता. समई तिथे, सतरंज्या तिथे, आचारीही तिथेच. आणि आज दुपारी एका उपग्रहाला आकाशात क्ष-किरणांचा एक झोत दिसला. काही मिनिटांचा, मग बंद. जगभर सूचना गेल्या, आमच्याकडेही आली. सरांनी देशकर साहेबांना फोन करून सांगितलं, "मी काही येत नाही साहेब, तुम्हीच इकडे या." साहेबांचा स्वभाव मोठा. समई, हारतुरे, श्रीफळ, सगळं ई-रिक्षात घालून तेलीबांध्याच्या पुढे इथवर, आमच्या संस्थेत आणलं. सत्कारमूर्तीने समारंभालाच स्वतःकडे बोलावून घेतल्याचं याआधी कुणी पाहिलंय का? मी तरी नाही.

आता हे सगळं कशासाठी, ते मंडळींना सांगायला हवं. उपग्रह आपल्याला फक्त मोहल्ला सांगतो, घर नाही सांगत. घर शोधायचं आम्ही, झोत गेल्यावर मागे उरलेला, हळूहळू विझत जाणारा उजेड हेरून, जमिनीवरच्या दुर्बिणीने. आमची दुर्बीण लडाखला, आम्ही रायपूरला, मधे इंटरनेट. अंधार पडताच तिकडे पहिला फोटो घेतला. त्यात जुन्या फोटोत नसलेला एक बारीक ठिपका आहे.

तुम्ही म्हणाल, झालं की मग. सापडला. माझाही जीव दुपारपासून तेवढ्याचसाठी टांगणीला लागला होता. पण सरांच्या समोर हा शब्द काढायची सोय नाही. मी काढला, तर मला म्हणाले, "काहून नाचून राहिल्या बाई? एक फोटो म्हंजे काहीच नाही." आणि ते खरंच आहे. तो ठिपका वाटेने जाणारा लघुग्रह असू शकतो, तेजात चढउतार होणारा एखादा साधा ताराही असू शकतो. गोल बाजारात हजार माणसं उभी आहेत, त्यातलं थकत चाललेलं माणूस कोणतं, हे एकदा बघून कळेल का? थोड्या वेळाने पुन्हा बघावं लागतं. जागा न सोडता जो ठिपका मंद झाला, तो आपला. म्हणून दोन फोटो, आणि मधे थांबणं. आमच्या खोलीत या मधल्या वेळात कुणी अभिनंदन करत नाही, कुणी मिठाई मागवत नाही. वर त्या खोलीत यामिनी बसली आहे, माझी सहकारी. दुसरा फोटो तीच घेणार आहे. तर मंडळी, आपण आत्ता त्या दोन फोटोंच्या मधे बसलो आहोत. मी पुन्हा फोनकडे बघतेय, दिसतंय ना.

आणि माझी अस्वस्थता उगाच नाही. काही वर्षांपूर्वी असाच एक झोत आला होता. पहिला फोटो मिळाला, ठिपका मिळाला, आणि त्याच संध्याकाळी एक स्नेहसंमेलन होतं. कुठलं, कुणाचं, ते राहू द्या. सरांना व्यासपीठावर बसवलं. मोठे पाहुणे येणार म्हणून दारावर सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत गोळा केले. तिकडे लडाखला ढगांची एक पट्टी आली. थांबू की दुसऱ्या कामाकडे वळू, हे विचारायला तिथल्या माणसाने सरांना फोन केला. पुन्हा केला. फोन टोपलीत. त्या बिचाऱ्याने रीतीप्रमाणे दुर्बीण दुसऱ्याच्या कामाला दिली. आणि ढग तर लगेच सरले होते.

दुसरा फोटो झालाच नाही. आमच्यानंतर पश्चिमेकडे अंधार पडतो, तिथे मोठ्या दुर्बिणी आहेत, त्या कुणीतरी पक्कं सांगितल्याशिवाय वळत नाहीत. आम्ही सांगू शकलो नाही. तो झोत किती दूरचा होता, कुठला तारा मेला होता का, हे आता कुणालाच कळणार नाही. गेलं ते गेलं. सर त्यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत. मी बोलते, कारण मला आजही त्या टोपलीचा राग येतो. आणि सर आज निवृत्त होताहेत, उद्यापासून या माणसाच्या नावावर दुर्बिणीची वेळ नाही. आज जे होईल तेच.

सर, तुम्ही मान हलवताय, मला दिसतंय. आज तुमच्या मनासारखं बोलणार नाही.

रेल्वेच्या वॅगन कारखान्यात वडील, क्वार्टरमधे बालपण, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. मी एवढंच सांगते की मी या माणसाकडून थांबायला शिकले, आणि अजून पुरतं जमलेलं नाही. मघाशी कमलाताईंना विचारलं, सर घरी कसे असतात हो? त्या म्हणाल्या, "यायले खुर्चीवर बसवलं ना, तर पाय थांबत नाही यायचे." आत्ता टेबलाचं कापड हलतंय ते त्यामुळेच. पंखा नाहीये तो, अध्यक्ष महाराज.

शाल त्यांनी घेतली, श्रीफळ मांडीवर आहे, मानपत्राचं वाचन व्हायचंय, आणि त्यानंतर सरांचं उत्तराचं भाषण. पत्रिकेत तसं छापलंय. माझ्या मनात मात्र...

एक क्षण. माफ करा.

यामिनीचा मेसेज आहे. वाचूनच दाखवते, तो सगळ्यांचा आहे. "दीदी, दूसरा फोटो आ गया. ठिपका तिथेच आहे, निम्म्याहून मंद झालाय. तीनदा तपासलं. सरांना विचारा, कळवू का?"

सर, शब्द तुमचा. सापडला म्हणू ना?

ऐकलंत का मंडळी? माइक तिथवर पोचला नसेल. सर म्हणाले, "थांबा, मी बघून येतो."

नाही, देशकर साहेब, त्यांना बसवू नका. हात जोडते. मानपत्र आपण त्यांच्या मागे वाचू, त्यातलं एक अक्षरही खोटं होणार नाही. सर, तुम्ही जा. श्रीफळ राहू द्या, नाही तर घेऊन जा, पण जा. जिना उजवीकडे आहे, म्हणजे मी तुम्हाला काय सांगतेय, तुमचाच जिना आहे.

गेले.

मला थोडं पाणी द्या कुणीतरी.

व्यासपीठावर मधली खुर्ची रिकामी बरी दिसत नाही. कमलाताई, तुम्ही वर येता का? या ना. काय म्हणता? "मी बसते, यायले सांगा आरामात या." ऐका. इतकी वर्षं हे माणूस वर बसलं आणि घरी ताट झाकून ठेवलं ते यांनी, तेव्हा ही खुर्ची त्यांचीच.

अध्यक्ष महाराज, आपण हा समारंभ उचलून इथे आणलात, नाही तर आत्ता हा माणूस ब्राह्मणपाऱ्यातून रिक्षा शोधत असता. आपले, मंडळाचे, जेवण गार होत असताना बसून राहिलेल्या सर्वांचे मी मनापासून आभार मानते. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान कमी पडला असेल, सत्कारमूर्तीलाच मी सभेतून उठवून लावलं, या सगळ्याची उदार मनाने क्षमा असावी. फोन चालू ठेवल्याची मात्र मी क्षमा मागणार नाही.

आपली रजा घेते. मलाही वर जायचंय.