कुमुदताईंचे लाल हातमोजे

मंडळी, अभंग नंतर. आधी प्रश्न. — पेटी थांबवा जरा, गोविंदबुवा. — घरातलं जे माणूस हसून म्हणतं, "तुम्ही जा, मी आहे इथे," त्याला खरंच जायचं नसतं का?

बोला. नको, बोलू नका. मान कुणीकडे हलवावी हेच तुम्हाला कळेना, मला इथून दिसतंय.

तर ऐका. अच्युतराव बेहेरे, वीज मंडळातून निवृत्त. माणूस सज्जन! वाईट माणसाची गोष्ट सोपी असते हो, ऐकणारा सुटतो. ही सज्जनाची आहे. त्यांची बायको कुमुदताई, माहेर गुहागरकडचं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीने दोघांना सहलीला पाठवलं. कुठे? काशीला? छे! थेट आल्प्सच्या डोंगरात. इन्सब्रुक म्हणून जुनी राजनगरी आहे, तिथे. तेही भर हिवाळ्यात.

कुमुदताईंनी काय केलं? लाल लोकरीचे हातमोजे विणायला घेतले. अच्युतराव म्हणाले, "अगं, विकत मिळतात."

"मिळतात. पण मला तिथे बर्फावरून घसरायचंय. घसरगाडी पकडायला घट्ट हवेत."

लहानपणी पोफळीच्या झापावर बसून त्या घरामागच्या उतारावरून घसरत. परकर फाटायचा, आई बदडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाप घेऊन हजर. तेवढंच पुन्हा एकदा करायचं होतं. या गोष्टीत दुसरी इच्छा नाही, तेव्हा ही विसरू नका.

आता नगरी बघू. दगडी गल्ली, दोन्ही बाजूंना रंगीत घरं, आणि गल्लीच्या टोकाला एकदम डोंगर — पांढरा, घरांच्या डोक्यावर ओणवा. चौकात एक सज्जा, त्यावर सोन्याचं छप्पर. सहल नेणाऱ्या मानेबाई सांगत होत्या, "खालच्या चौकातले खेळ बघायला राजाने हा सज्जा बांधला. आणि हे बघा, दगडात स्वतःला कोरून घेतलंय, बरोबर राणी."

"एकच?" अच्युतरावांनी विचारलं.

"दोन."

सगळे हसले. तुम्हीही हसलात. कुमुदताई म्हणाल्या, "दोन का असेनात, जवळ बसवल्यात ना."

— तबला नको इथे. राहू दे तसंच. —

अच्युतरावांनी ऐकलं नाही. ते फोटो घेत होते. "कुमुद, बाजूला हो गं जरा, छप्पर झाकलं जातंय."

मग तारेवरच्या पाळण्यात बसून सगळे डोंगरावर गेले. वर बर्फच बर्फ, लाकडी घसरगाड्या मांडलेल्या, आणि एक बाक. कुमुदताई हातमोजे चढवायला म्हणून बाकावर टेकल्या. झालं! "काकू, पर्स धरता?" "वहिनी, एवढा कोट ठेवा हं." "मावशी, हे चष्मे." बघता बघता मांडीवर ढीग. वर अच्युतरावांचा कॅमेरा.

"मी बघून येतो कसं आहे, मग तू."

गेले. खाली बर्फात लोळले, पोरासारखे हसत वर आले. "जमतं गं! अजून एकदा जातो, मग तू."

आणि कुमुदताई हसून म्हणाल्या, "जा ना. मी आहे इथे."

आलं ते वाक्य.

मंडळी, मी अच्युतरावांना इथेच थांबवतो. उताराच्या कडेला, गाडीवर बसलेले. कीर्तनकाराला एवढं करता येतं. अच्युतराव, मागे वळा. बायकोच्या हातांकडे बघा. मोजे घालून झालेत.

... नाही वळले. मी कितीही थांबवलं तरी घडलेलं घडलेलंच आहे. ते गेले. पुन्हा गेले. मग मानेबाईंनी टाळ्या वाजवल्या, पाळणा बंद व्हायची वेळ झाली होती. ज्याने त्याने आपली पर्स, आपला कोट उचलला. मांडी रिकामी झाली. पाळण्यात बसल्यावर अच्युतराव म्हणाले, "अरेच्चा, तुझं राहिलंच की!"

"राहू दे. बघितलं ना सगळं."

हातमोजे कोरडे होते.

घरी आले. पुढच्या हिवाळ्यात अच्युतराव म्हणाले, "मनालीला जाऊ या. तिथेही बर्फ असतो."

"नको हो आता."

"अगं, पण तुला घसरायचं होतं ना?"

"होतं," कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यांनी गॅसवरची कढई उतरवली. लाल हातमोज्यांनी. चटका बसत नाही म्हणे.

हे मला अच्युतरावांनीच सांगितलं, देवळाच्या पायरीवर बसून. म्हणाले, "बुवा, ती रागावली असती तरी चाललं असतं. पण तिला आता खरंच जायचं नाहीये."

आता गजर, आरती, प्रसाद. वास येतोय ना शिऱ्याचा? छान येतोय. मागच्या पडवीत कढईपाशी कोण उभं आहे? निघताना "तुम्ही जाऊन बसा, मी बघते इथलं" असं तुम्हाला कोण म्हणालं?

आज गजर नाही. तुमच्यातले चौघे उठा, पडवीत जा, हातात उलथणं घ्या. शिरा खाली लागला तर लागलेला खाऊ. तिथल्या बायांना इथे पुढे आणून बसवा, मी पहिल्यापासून सांगतो. गोविंदबुवा, सूर धरून ठेवा.

चुळबुळ ऐकू येतेय. पावलं नाही.

मी थांबलोय.