पाचशेवा माणूस

नोंदणीच्या खिडकीपुढची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. शाळेतल्या बाई तिसऱ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात गावप्रमुख एका म्हातारीला विनवत होता.

"काकू, काका गेल्याची नोंद आज नको. उद्या शिरगणती आहे."

"अरे बाळा, काल माती दिली त्यांना."

"पाचशे माणसं भरली तरच कोर्ट गावात राहील. काकांना धरून बरोब्बर पाचशे होतात."

"आणि गणतीवाल्यानं विचारलं, कुठायत ते?"

"झोपलेत म्हणा. तो बाहेरगावचा आहे."

"चाळीस वर्षं हेच तर सांगत आले मी!"

"थट्टा नको, काकू. कोर्ट गेलं की दुकानं जातील, मग शाळा."

"त्याच कोर्टाच्या दारात उभं राहून त्यांनी साऱ्या गावाच्या नावाचा पुकारा केला. आता त्यांच्या नावाला ओ मी द्यायची?"

"एकदाच द्या."

म्हातारीने कागदाची घडी घातली आणि ती रांगेतून बाहेर पडली. बाईंनी मागे सरून तिला वाट दिली.

"काकू, उद्या संध्याकाळपर्यंत रडू मात्र नका. कुणी ऐकलं तर..."

"कोण ऐकणार रे? दोन्ही बाजूंची घरं कधीची रिकामी आहेत."