अनवाणी

बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे मबरूकाखाला होती, शिशाच्या बंद कारखान्याला लागून घर असलेली. तिच्यापुढे तिची शेजारीण रीम.

“खाला, आज ठेवणीतले कपडे?”

“लेक येतेय ट्युनिसहून. नातीला घेऊन.”

“ती तर येणार नाही म्हणायची.”

“सहा वर्षं नाही आली. बरोबरच होतं तिचं. तान्ही पोर त्या विषारी मातीत कुठे रांगू देणार?”

“पण माती उचलून नेली की.”

“कमरेइतकी खणून नेली, नवी टाकली, बाग केली. तपासणीचा कागद पाठवला, तर म्हणते, पुन्हा तपासायला सांग. गेले परत नगरपालिकेत. आता तर तिथला साहेब मला बघितलं की आधी खुर्ची पुढे करतो.”

“मग?”

“दुसराही कागद चांगला आला. काल नातीचा फोन. विचारते, आजी, तुझ्या बागेत अनवाणी चालता येतं का?”

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, थांब जरा. बागेत गेले, चपला काढल्या, एक चक्कर मारली आणि सांगितलं, येतं.”

बेकरीवाल्याने विचारलं, “खाला, किती पाव?”

“दहा. नाही, पंधरा दे. मातीत खेळून आलेलं पोर फार खातं.”