दात सोडा, बाकीचं बघा

…आणि वर मलाच म्हणते, 'तुम्हाला काय कळतं त्यातलं?' आता तुम्हीच सांगा, फोटो बघायला काय कॉलेजात जावं लागतं? शाळा मी सातवीत सोडली, शाळेचं म्हणणं पडतं की तिनंच मला सोडलं, तो वाद राहू द्या बाजूला. पण डोळे तर सगळ्यांना सारखेच दोन मिळालेत ना? त्या दोन डोळ्यांनी समोर ठेवलेले फोटो बघितले, जे दिसलं ते बोललो, तर आमची ही चारचौघांत माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणते, 'गप्प बसा!' चिमटा कसला, सांडशीच ती!

हां, कुठं ते सांगायचं राहिलंच. दाताच्या दवाखान्यात. दुखत कुणाचंच नव्हतं बरं का! न दुखता दाताच्या दवाखान्यात जाणारं जोडपं तुम्ही पाहिलंय? आम्ही गेलो. त्याचं असं आहे, की हिचा पुढचा एक दात जरासा शेजारच्यावर चढलेला आहे. बाकावर जागा कमी पडली की माणूस कसा एक खांदा पुढं काढून तिरका बसतो, तसा बसलाय बिचारा. लग्नापासून बघतोय मी त्याला. कुणाला त्रास नाही, मजबूत एवढा की सुतळी तोडायला घरात कात्री लागत नाही. आणि आता, नातवंडं झाल्यावर, केस पिकल्यावर, हिला तो दात नको झाला! का? तर धाकट्या मेहुणीनं करून घेतले! म्हणजे काय करायचं, तर पुढचे चांगले धडधाकट दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्यावर पांढऱ्याशुभ्र पातळ पापड्या चिकटवायच्या. मेहुणी आता हसली ना, की समोरून मोटारीचा दिवा आल्यासारखं होतं, माणूस आपोआप रस्त्याच्या कडेला सरकतो.

मी हिला म्हटलं, 'अगं, घासलेला दात परत उगवतो का?' तर म्हणते, 'फोटो बघा आधी, मग बोला.' बघितले. मग बोललो. तर बोलू देईनात!

डॉक्टरीणबाई स्वभावानं चांगल्या हो, खोटं कशाला बोलू. तोंडाला मास्क, डोळे हसरे. आता गंमत बघा, जगाचे दात दाखवणार आणि स्वतःचे झाकून ठेवणार! त्यांनी हा जाडजूड आल्बम आमच्या पुढ्यात ठेवला. एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'नंतर'. ही लागली 'अय्या' आणि 'अगंबाई' करायला. मी चष्मा पुसला.

पहिलाच गडी. 'आधी'मध्ये तो कसा, तर दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं, वर मरतुकडी ट्यूबलाइट, आणि ओठ दोन्हीकडून प्लास्टिकच्या आकड्यांनी असे ताणलेले की वाटावं पोलीस ह्याच्याकडून चोरी कबूल करून घेतायत. आणि 'नंतर'मध्ये? खिडकीजवळ बसवलाय, कोवळं ऊन, गुळगुळीत दाढी, केसांना तेल, टाय! मी म्हटलं, 'दात सोडा हो, बाकीचं बघा! ह्याला तुम्ही सुधारला की न्हाव्यानं?'

पहिला चिमटा तिथं बसला.

पुढं एक बाई. 'आधी'मध्ये ओठ कोरडे, फिकट, तापातून उठल्यासारखे. 'नंतर'मध्ये लालभडक लिपस्टिक! अहो, त्या लालभडक रंगाशेजारी ठेवलं तर माझं बनियनसुद्धा पांढरं दिसेल, आणि माझं बनियन कधी पांढरं होतं हे ते बनियनसुद्धा विसरलंय. तिसऱ्याचं तर विचारूच नका. 'आधी' इतका जवळून काढलेला, की तोंड नाही, गुहा वाटावी. 'नंतर' थेट दहा फुटांवरून, मागं झाडं, हात खिशात. अरे, दुरून डोंगर साजरे! दहा फुटांवरून माझे दातही मोत्यासारखे दिसतात. वीस फुटांवरून तर मीही बरा दिसतो.

आणि चौथा… चौथा फोटो म्हणजे कळस! एक मुलगी, 'आधी'मध्ये हनुवटीवर डावीकडे तीळ. 'नंतर'मध्ये तीळ उजवीकडे! मी आल्बम उचलून डॉक्टरीणबाईंच्या नाकाशी नेला. म्हटलं, 'बाई, दात सरकवता ते समजलं. तीळ कसा सरकवलात?' बाईंनी बघितलं, मास्कच्या आत काहीतरी खुदखुदलं, म्हणाल्या, 'अहो काका, फोटो उलटा छापला गेलाय.' म्हटलं, 'मग सुलट कुठला, तो तरी सांगा!'

बाकावर बसलेला एक पेशंट, गाल भोपळ्यासारखा सुजलेला, तो गाल धरून हसायला लागला आणि हसता हसता कळवळला. त्याचंही पाप माझ्याच माथी. हिनं चिमटा काढायचं सोडून कोपर मारलं.

पण एक प्रश्न मी मस्करीत नाही विचारला. अगदी नीट, मान खाली घालून विचारला. म्हटलं, 'डॉक्टरीणबाई, ह्यात 'आधी' आहे, 'नंतर' आहे. 'त्याच्यानंतर' कुठंय? ह्या सगळ्या लोकांचं दहा वर्षांनी काय झालं, तो फोटो कुठल्या पानावर?' बाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, 'काका, बरोबर विचारलंत. ते फोटो माझ्याकडे नाहीत. पापड्या कधीतरी बदलाव्या लागतात, आणि खालचा दात एकदा घासला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. म्हणून तर घाईनं करू नका म्हणते.' बघा! डॉक्टर म्हणते घाई नको, नवरा म्हणतो घाई नको, आणि आमची ही काय म्हणते? 'मंगळवार चालेल ना तुम्हाला?'

तुम्हाला सांगतो, मस्करी मस्करीच्या जागी. पण मंगळवारी तो दात घासला जाणार, आणि नंतर हिला कितीही हवासा वाटला तरी जगात कुणी तो परत आणून देऊ शकणार नाही!

घरी आल्यावर चप्पल काढता काढता ही एवढंच म्हणाली, 'तुम्हाला कशातच काही चांगलं दिसत नाही.' आणि पिशवी भरून गेली मुलीकडे राहायला. म्हणाली, सोमवारी येते.

आता काय करावं? समजावून सांगायला गेलो तर भांडण, गप्प बसलो तर दात गेला. शेवटी म्हटलं, आपल्याला येतं ते करावं. आपल्याला काय येतं? खोड्या!

शेजारच्या कंडक्टरला हाक मारली. बसवर कंडक्टर होता, आता रिटायर. ह्या माणसाच्या तोंडात औषधाला एक दात नाही. कवळी केलीय, ती कपाटात असते, पाहुणे आले की घालतो. त्याला सगळं समजावलं तर म्हणतो, 'मला तर बाबा 'आधी'चेही सगळे चांगलेच वाटतात. दात आहेत ना? मग!'

तर आम्ही काय केलं, दोन दिवस मी दाढी केली नाही. बाथरूममधल्या मिणमिणत्या दिव्याखाली उभा राहिलो, दोन चमचे उलटे धरून ओठ दोन्हीकडून ताणले, आणि चेहरा… चेहरा मुद्दाम काही केला नाही, रोजचाच ठेवला. कंडक्टरनं काढला फोटो. हा झाला 'आधी'. मग गेलो न्हाव्याकडे, आलो, जावयानं दिलेला पांढरा शर्ट घातला, खिडकीजवळ खुर्ची ओढली, आणि, हसू नका, हिची लिपस्टिक घेऊन बोटानं जराशी, अगदी जराशी ओठांना लावली. कंडक्टर म्हणतो, 'हसा.' आता असं सांगून हसू येतं का कुणाला? तो म्हणतो, 'अहो, हसा, उजेड चाललाय!' मी दात विचकले. तो म्हणतो, 'हे हसणं नाही, हा कुत्रा अंगावर येतोय.' पुन्हा विचकले. म्हणतो, 'आता कुत्रा चावला.' शेवटी वैतागला, फोन डोळ्यांसमोरून खाली घेतला आणि जुन्या सवयीनं खच्चून ओरडला, 'चला, पुढं सरका, मागं सगळं रिकामं आहे!' आणि आपलं ते रिकामं बोळकं वासून दाखवलं मला! मी जो फुटलो, जो फुटलो, डोळ्यांतून पाणी… आणि त्या लबाडानं तेवढ्यात फोटो काढला.

दात तेच! एक कण इकडचा तिकडं नाही! खालचा तो काळा पडलेला आहे, तोसुद्धा जागच्या जागी. दोन फोटो शेजारी शेजारी जोडले, घरच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, 'करून टाकले! आधी आणि नंतर.' बेत असा, की सगळे फसले की सांगायचं, बघा, असे असतात हे फोटो, आणि हिचा मंगळवार रद्द.

फसले? अहो, लोळले! मेहुणा म्हणतो, 'भावजी, दहा वर्षांनी तरुण झालात!' मुलगा म्हणतो, 'बाबा, आम्हाला न विचारता?' सूनबाईनं फुलं, टाळ्या, काय काय पाठवलं. आणि मेहुणी, जी स्वतः करून बसलीय, ती विचारते, 'माझ्यापेक्षा नैसर्गिक दिसतायत, डॉक्टर कोण तुमचे?' आता काय सांगू, बसचे कंडक्टर? एकानंही, एकानंही म्हटलं नाही हो, दात सोडा, बाकीचं बघा!

हिचं मात्र काहीच नाही. बघितलं असं फोनवर दिसतंय, पण उत्तर नाही. आणि सोमवारची येणारी बाई रविवारीच दारात हजर. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, 'आ करा.'

मी मोठ्या खुशीत आ केला. वाटलं, जिंकलो! म्हटलं, 'बघ! नीट बघ! दात तेच! दाढी केली, खिडकीत बसलो, शर्ट बदलला, झालं! तुझ्या त्या आल्बममध्ये हेच आहे सगळं. तू उगाच…'

'ते मला फोटो बघतानाच कळलं,' ही म्हणाली. 'इतकी वर्षं ज्या तोंडाला जेवायला वाढलं, ते ओळखणार नाही मी? खालचा काळा दिसतोय की तिथं.'

'मग ग्रुपवर बोलली का नाहीस?'

'बाकीचं बघत होते.' ही खुर्चीवर बसली. फोन काढला, तो फोटो बोटांनी मोठा केला, आणि माझ्यासमोर धरला. बघा, फोटो नीट बघायला मी शिकवलं, आता शिकवणी माझ्यावरच उलटली! म्हणते, 'दाढी सोडा, शर्ट सोडा. असं हसता येतं तुम्हाला?'

म्हटलं, 'म्हणजे काय? मी दिवसभर हसतो, अख्ख्या गल्लीला हसवतो!'

'गल्लीला,' ही म्हणाली. 'कुणाला बघून हसलात एवढे?'

'कंडक्टरला.'

'त्याच्या तोंडात एक दात नाही. त्याला बघून एवढं हसू येतं. आणि मी सकाळी समोर चहाचा कप घेऊन बसते, तेव्हा हा.' आणि तिनं बोट ठेवलं कशावर? 'आधी'वर! 'रोज हा चेहरा असतो समोर. मी बोलले की कपाळाला आठ्या, हसले की पेपरात मुंडी. मला वाटायचं, माझा हा दात बघून होतं तुमचं तोंड तसं.'

तुम्हाला सांगतो, मेहुणीचं नाव उगाच झालं हो! ही मेहुणीमुळे निघाली नव्हती, ही माझ्या चेहऱ्यावर इलाज करायला स्वतःचा दात घासून घ्यायला निघाली होती!

कसंबसं म्हटलं, 'अगं वेडे, मला कशाला खुपेल तो? त्याच्यामुळे तर तू हसलीस की अख्ख्या मांडवात मला कळतं, ही हसली. तो घासलास तर गर्दीत मी तुला शोधू कसा?'

'आणि हे आत्ता सांगताय?' ती म्हणाली. रागानंच म्हणाली. आणि मग हसली. हसताना सवयीनं हात तोंडाकडे निघाला, अर्ध्यावर गेला, आणि तिथूनच खाली आला.

मग फोन लावला तिनं, माझ्यासमोरच. 'डॉक्टरीणबाई, माझं मंगळवारचं राहू द्या. नाही नाही, घाबरले नाही. घरातलं दुसरं एक तोंड आधी दुरुस्तीला घेतलंय.' पलीकडून बाई एवढ्या हसल्या की मला इथवर ऐकू आलं.

झालं, दात वाचला! माझं काय झालं ते कोण विचारतं? आता रोज सकाळी दाढी. घरातल्या घरात, कुठं जायचं नाही, यायचं नाही, आणि दाढी! पेपर चहा झाल्यावर. खुर्ची खिडकीजवळ. आणि नुसते दात विचकून चालत नाही हो, हिला लगेच कळतं, 'हे फोटोचं हसणं झालं, माझं आणा.' डॉक्टरीणबाईंकडे गेलो असतो तर दोन खेपांत सगळं उरकलं असतं, भूल देऊन! इथं भूल नाही, सुट्टी नाही, आणि काम रोज नव्यानं. बरं, कंडक्टरला बोलवून बघितलं, म्हटलं समोर बस, तेवढीच मदत. तर हिनं त्याला बाहेरचा बाहेर चहा देऊन वाटेला लावलं. म्हणाली, 'मला बघून हसायचंय ह्यांना.'

चला, उठतो मी. दाढी व्हायचीय, आणि ती समोर येऊन बसायच्या आत मला हसायला लागायचंय.